विश्लेषण : अंगणात कृत्रिम गवत घातले की चिखल जातो का? काळ्या मातीतील पाण्याचे गणित काय सांगते?

जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर काळ्या मातीच्या प्लॉटवरील घरांत एकच चित्र दिसते. फाटकापासून दारापर्यंत विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर पाय ठेवत जायचे, चपलेला किलोभर माती घेऊन आत यायचे आणि अंगणातले डबके आटण्याची वाट पाहायची. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, नागपूर अशा शहरांच्या कडेला शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींत हा दरवर्षीचा अनुभव आहे. त्यावर अलीकडे सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे कृत्रिम गवत. बॉक्स क्रिकेटच्या मैदानांमुळे ‘टर्फ’ हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. ‘पाणी थेट खाली जाते, चिखल होत नाही, कापावे लागत नाही’ असे त्याचे वर्णन केले जाते. यातले पाणी ‘खाली’ जाते हे खरे आहे. पण खाली काळी माती असेल तर ते तिथून पुढे कुठे जाते?

काळ्या मातीत पाणी का साचते?

महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाच्या थरांपासून हा खडक बनला. त्याची झीज होऊन जी माती तयार झाली ती काळी, रेगूर किंवा कापसाची माती. या मातीत चिकणमातीचे, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक कणांचे प्रमाण मोठे असते. या कणांत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजे असतात. त्यांची रचना एकावर एक ठेवलेल्या पापुद्र्यांसारखी असते. पाणी मिळाले की ते दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की माती आकसते आणि तिला भेगा पडतात.

म्हणूनच काळी माती वर्षभरात दोन वेगवेगळ्या मातींसारखी वागते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून झपाट्याने आत जाते आणि ‘आपल्याकडे पाणी चांगले मुरते’ असा समज होतो. एक-दोन चांगले पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. त्यानंतर पडणारा पाऊस वरच राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेनुसार भिजलेल्या चिकणमातीत पाणी मुरण्याचा वेग तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर असतो. वालुकामय जमिनीत तो ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. पुढचे सगळे गणित या आकड्यांवर उभे आहे.

एका अंगणात किती पाणी पडते?

पावसाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला ‘जोरदार’ म्हणतो. यातला किमान आकडा घेऊ.

समजा, घरापुढे २० बाय ३० फुटांचे, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटरचे अंगण आहे. ६४.५ मिलिमीटर पावसात त्यावर सुमारे ३,६०० लिटर पाणी पडते. शेजारी घराचे १,००० चौरस फुटांचे छत आहे आणि छताचे पाइप नेहमीप्रमाणे अंगणातच सोडले आहेत. त्या छतावरून आणखी सुमारे ६,००० लिटर पाणी येते. दोन्ही मिळून ९,६०० लिटर, म्हणजे जवळपास दहा हजार लिटरचा एक अख्खा टँकर एका दिवसात अंगणात रिकामा केल्यासारखे आहे.

आता मुरण्याचा वेग पाहू. तासाला १ ते ५ मिलिमीटर या हिशोबाने ५६ चौरस मीटर काळी माती तासाला ५६ ते २८० लिटर पाणी घेते. एवढा टँकर जिरवायला तिला दीड दिवस ते सात दिवस लागतील, तेही या काळात पावसाचा एकही थेंब पडला नाही तर. जुलै महिन्यात असे होत नाही. म्हणून अंगण सप्टेंबरपर्यंत चिखलात राहते. शेतकरी अशा सतत ओल धरणाऱ्या जमिनीला ‘चिबड’ म्हणतात.

या हिशोबातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. अंगणात येणारे निम्म्याहून जास्त पाणी छताचे आहे. छताचे पाइप जोडून पाणी अंगणाबाहेर किंवा साठवण टाकीत नेले तर प्रश्नाचा मोठा भाग एक चौरस फूटही गवत न घालता सुटतो.

कृत्रिम गवत म्हणजे नेमके काय?

कृत्रिम गवताची पाती पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची असतात. ती एका विणलेल्या कापडात टाचलेली असतात आणि मागून लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप देऊन पक्की केलेली असतात. लेपामुळे कापड जलरोधक होते, म्हणून त्याला ठराविक अंतरावर भोके पाडतात. पाणी या भोकांतून खाली जाते. पाती उभी राहावीत आणि गालिचा जागेवर राहावा म्हणून वरून सिलिका वाळू पसरतात. खेळाच्या मैदानांवर वाळूबरोबर रबराचे बारीक दाणेही वापरले जातात.

हे उत्पादन मुळात निचऱ्यासाठी जन्मलेले नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील ॲस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये नैसर्गिक गवत टिकेना, म्हणून १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत घालण्यात आले आणि ते जगभर चर्चेत आले. भारतीयांना त्याची ओळख झाली ती हॉकीमुळे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली.

गवताच्या जाहिरातीत ‘पाणी वाहून नेण्याची क्षमता’ म्हणून मोठा आकडा दिलेला असतो. तो भोकांमधून किती पाणी जाऊ शकते याचा असतो आणि तेवढ्यापुरता खराही असू शकतो. स्वयंपाकघरातली चाळणी पाणी क्षणात सोडते, पण तीच चाळणी काठोकाठ भरलेल्या पातेल्यावर ठेवली तर पाणी चाळणीच्या वरच उभे राहते. काळ्या मातीवर थेट अंथरलेल्या गवताचे हेच होते. चिखल दिसत नाही एवढाच फरक. पाय ठेवला की खालून पचपच आवाज येतो, काही आठवड्यांत कुबट वास सुरू होतो आणि माती भोकांतून वर येऊ लागते.

मग खाली खडी घातली की झाले का?

बहुतेक कंत्राटदार थेट मातीवर गवत अंथरत नाहीत. ते पाच-सहा इंच माती काढतात, खडी भरतात, दाबतात आणि वर गवत घालतात. हे बरोबर दिशेने टाकलेले पाऊल आहे, पण अर्धेच. अपयशाची बहुतेक कारणे याच टप्प्यावर सापडतात.

वाळूमिश्रित जमिनीत खड्डा खणून खडी भरली तर पाणी तळातून निघून जाते. काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्याचा तळ आणि चारही बाजू जवळजवळ जलरोधक असतात. म्हणजे प्रत्यक्षात अंगणात एक उथळ हौद खणला जातो आणि तो खडीने भरला जातो. खडीच्या दगडांमधली पोकळी साधारण ३५ ते ४० टक्के असते. ५६ चौरस मीटर अंगणात १०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर दिला तर त्यात सुमारे २,००० ते २,२०० लिटर पाणी मावते. अंगणावर थेट पडणारे पाणीच ३,६०० लिटर आहे. पाऊस संपायच्या आत हौद भरतो.

भरलेल्या हौदाखालची माती आता पूर्वीपेक्षा जास्त काळ पाण्यात राहते. आधी निदान ऊन आणि वारा वरचा थर वाळवत असत, आता वर प्लॅस्टिक आहे. माती फुगते, मऊ होते. खडी चिखलात रुतते आणि चिखल खडीत वर चढतो. दोन पावसाळ्यांत पृष्ठभागावर खोलगट डाग दिसू लागतात. हिवाळा-उन्हाळ्यात तीच माती आकसली की कडा खचतात आणि गालिच्याला लाटा येतात.

खडी पाण्याला क्षणभर जागा देते, पण तिथून बाहेर पडण्याची वाट वेगळी करून द्यावी लागते. वाळूत पाणी खाली सोडायचे असते, काळ्या मातीत ते आडवे न्यायचे असते.

पाणी आडवे नेण्यासाठी काय करावे लागते?

ही पद्धत काळ्या मातीच्या मुलखाला नवी नाही. सांगली-कोल्हापूर भागात उसाच्या अतिसिंचनाने चिबड आणि क्षारपड झालेल्या जमिनींत शेतकरी सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून पाणी नाल्याकडे काढतात. अंगणातील रचना हीच, फक्त लहान आकाराची. तिचे थर खालून वर असे असतात.

१) उताराचा तळ : माती काढल्यावर उघडा पडणारा तळच उताराचा करावा लागतो. साधारण १ ते २ टक्के उतार पुरेसा असतो. ६ मीटर रुंदीला दीड टक्का म्हणजे ९ सेंटिमीटर, सुमारे साडेतीन इंच. तळ सपाट ठेवून फक्त वरच्या थराला उतार दिला तर पाणी तळाशीच साचते. उतार कायम घरापासून दूर हवा.

२) न फुगणाऱ्या मातीचा थर : काळी माती खोल असेल तर तळावर मुरूम पसरून, पाणी शिंपडून, धुमस किंवा रोलरने दाबतात. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा थर दिला की खालच्या मातीची हालचाल आटोक्यात येते, हे आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आले आणि कालव्यांच्या कामांत वापरले गेले. कालव्याखालचा थर बराच जाड असतो. अंगणातल्या काही इंच मुरमाने फुगणे थांबत नाही, पण पृष्ठभाग एकसारखा राहायला मदत होते.

३) जिओटेक्स्टाइल : हे न विणलेले, नमद्यासारखे कापड असते. ते पाणी जाऊ देते, माती अडवते. खडी आणि माती एकमेकांत मिसळू नयेत हे त्याचे काम. खर्च वाचवण्यासाठी सर्वात आधी गाळला जाणारा थर हाच.

४) चर आणि सच्छिद्र पाइप : उताराच्या खालच्या कडेला एक चर खणून त्यात भोके असलेला पाइप ठेवतात. त्याच्याभोवती खडी आणि जिओटेक्स्टाइल असते. पाइपलाही स्वतःचा उतार हवा आणि त्याचे दुसरे टोक उघड्यावर कुठेतरी पोहोचायला हवे.

५) खडीचा थर : चार ते सहा इंच जाडीची, धुतलेली, बारीक भुकटी नसलेली खडी.

६) बारीक कच : गवताला सपाट बैठक मिळावी म्हणून साधारण इंचभर जाडीचा थर. त्यावर गवत.

या क्रमातील दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, मुरमालाच निचऱ्याचा थर समजणे. कुटलेला मुरूम घट्ट बसतो आणि त्यातून पाणी फारसे जात नाही. त्याची जागा खडीच्या खाली आहे, खडीच्या ऐवजी नाही. दुसरी, क्रशरची भुकटी जास्त वापरणे. ती दाबायला सोपी आणि दिसायला सपाट असते, पण पाण्याबरोबर खाली जाऊन खडीतल्या पोकळ्या भरून टाकते.

काही ठिकाणी खडीऐवजी काँक्रीटचा कोबा करून त्यावर गवत घालतात. उतार नीट असेल तर पाणी कोब्यावरून वाहून कडेच्या नालीत जाते. मात्र खालची माती फुगते-आकसते तशा पातळ कोब्याला भेगा पडतात आणि अंगणात मुरणारे थोडेफार पाणीही बंद होते.

पाइपचे दुसरे टोक कुठे सोडायचे?

सगळ्या कामाचे यश या एका प्रश्नावर अवलंबून असते आणि कोटेशनमध्ये बहुतेक वेळा त्याचा उल्लेखच नसतो.

सर्वात सोपी जागा म्हणजे रस्त्याकडेची पावसाळी गटार. पण अनेक जुन्या वसाहतींत रस्त्यावर डांबराचे आणि मग काँक्रीटचे थर चढत गेले. रस्ता उंच झाला आणि अंगण खाली राहिले. अशा ठिकाणी पाइप गटारीला जोडला तर पावसात पाणी उलटे आत येऊ शकते. तिथे आधी भर घालून अंगण उचलणे किंवा एका कोपऱ्यात छोटी टाकी करून पाणी पंपाने बाहेर काढणे, हेच पर्याय उरतात.

सांडपाण्याच्या चेंबरला पावसाचे पाणी जोडणे हा सोपा वाटणारा, पण चुकीचा मार्ग आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या पावसाच्या पाण्यासाठी आखलेल्या नसतात. जोरदार पावसात त्या तुंबतात आणि मैलापाणी खालच्या घरांत शिरते. शेजारच्या प्लॉटमध्ये पाणी सोडणे म्हणजे भांडणाला आमंत्रण.

तिसरा मार्ग शोषखड्ड्याचा. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. खड्ड्याचा तळ काळ्या मातीतच असेल तर तो कायम भरलेला राहतो. पण दख्खनच्या पठारावर काळ्या मातीखाली बहुतेक ठिकाणी मुरूम आणि त्याखाली झिजलेला खडक असतो. काळ्या मातीची जाडी कुठे हातभर, तर कुठे काही मीटर असते. विहीर किंवा बोअर खणताना काळी माती किती खोलवर लागली होती, हे जुन्या माणसांना किंवा शेजाऱ्यांना विचारले तर अंदाज येतो. खड्डा मुरमापर्यंत नेला तर पाणी जिरते आणि भूजलातही भर पडते. तो घराच्या पायापासून पुरेसा लांब हवा. छताचे पाणी त्यात सोडण्याआधी गाळ अडवणारी जाळी किंवा गाळणखड्डा हवा.

घराच्या पायाशी याचा काय संबंध?

अंगणातील निचरा हा फक्त चपलांच्या चिखलाचा प्रश्न नाही. काळ्या मातीवरील घरांच्या भिंतींना पडणाऱ्या तिरक्या भेगांचे एक मोठे कारण पायाखालची माती कमी-जास्त फुगणे हे असते. घराच्या एका बाजूची माती सतत ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली तर पाया असमान उचलला जातो. या मातीत पाया सुरक्षित राहावा म्हणून रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या ‘अंडर-रीम्ड’ पाइल्सचे तंत्र विकसित केले. अनेक जुन्या बंगल्यांचा आणि रो-हाउसचा पाया मात्र साधाच असतो.

अशा घराच्या जोत्याला लागून खडी भरलेला, वाट नसलेला ‘हौद’ तयार झाला तर पायाशेजारची माती महिनोन् महिने ओली राहते. गवताचा खर्च वाया गेला तर एकदाच जातो. भिंतींच्या भेगांचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. म्हणूनच गवताचा रंग आणि पात्याची उंची ठरवण्याआधी उतार घरापासून दूर आहे की नाही, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

आपली माती किती फुगते हे कसे कळणार?

प्रयोगशाळेत यासाठी ‘फ्री स्वेल इंडेक्स’ ही भारतीय मानकातील चाचणी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने दोन मोजनळ्यांत घालतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओततात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनंतर दोन्हींतील मातीच्या आकारमानातला फरक टक्केवारीत काढतात. मोठ्या कामाआधी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत ही चाचणी करून घेता येते.

घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात. ओल्या मातीची वळी करून ती अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टीसारखी लांबवा. दोन इंचांच्या पुढे न तुटता गेली तर चिकणमाती भरपूर आहे. काचेच्या बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमातीने गढूळ झालेले पाणी दुसऱ्या दिवशीही निवळत नाही. तिसरी चाचणी सर्वात उपयोगी आहे. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा. ते पाणी जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजपट्टीने मोजा. दुसऱ्यांदा भरणे गरजेचे आहे, कारण पहिले पाणी भेगांत जाते आणि फसवे उत्तर देते.

काम कोणत्या महिन्यात करावे?

मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर लेव्हल काढून काम केले की जुलैमध्ये माती फुगते आणि लेव्हल बदलते. भर पावसात केले तर चिखल दाबला जातो आणि थर कधीच नीट बसत नाहीत. शेतकरी पेरणीसाठी ज्या ‘वाफशा’ची वाट पाहतात, म्हणजे माती हाताला ओलसर लागते पण चिकटत नाही, तीच अवस्था या कामालाही चांगली. पावसाळा संपल्यानंतरचे आठवडे त्यासाठी सोयीचे असतात. पाणी नेमके कुठे साचते हेही तेव्हा ताजे लक्षात असते. जुलै-ऑगस्टमध्ये डबक्यांचे फोटो काढून ठेवले तर उताराचा नकाशा आयता मिळतो.

उन्हाळ्यात काय होते?

निचऱ्याचे काम उत्तम झाले तरी दुसरा प्रश्न मार्चपासून समोर येतो. नैसर्गिक गवत पाणी बाष्परूपात सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लॅस्टिकच्या पात्यांना ते शक्य नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ मध्ये झालेल्या मोजणीत कृत्रिम गवताचा पृष्ठभाग डांबरापेक्षाही सुमारे २० अंश सेल्सियसने जास्त तापलेला आढळला. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात उघड्या अंगणातील असे गवत दुपारी अनवाणी मुलांना आणि पाळीव प्राण्यांना सोसणार नाही. पाणी शिंपडल्याने ते थोड्या वेळापुरते थंड होते, पण उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या गावांत हा उपाय किती दिवस चालणार?

देखभाल अजिबात लागत नाही, हा दावाही तितकासा खरा नाही. पाने, धूळ आणि बारीक माती भोकांत साचते. ती झाडावी लागते. कुत्र्या-मांजरांचे मूत्र खडीत मुरते, धुतले नाही तर वास येतो. मोठ्या झाडाच्या बुंध्यापर्यंत गवत नेले तर मुळांपर्यंत हवा-पाणी कमी पोहोचते.

पात्यांची झीज होऊन प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. त्यानुसार कृत्रिम मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबरी आणि प्लॅस्टिक दाण्यांच्या विक्रीवर ऑक्टोबर २०३१ पासून बंदी येणार आहे. घरच्या अंगणात असे दाणे घालण्याची गरजच नसते, सिलिका वाळू पुरते. गालिचा जुना झाल्यावर मात्र प्लॅस्टिक, लेप आणि वाळू यांचे मिश्रण वेगळे करणे अवघड असल्याने तो बहुधा कचरा डेपोतच जातो.

कंत्राटदाराला कोणते प्रश्न विचारावेत?

कोटेशन बहुधा गवताच्या चौरस फुटाच्या दरावर येते. खालच्या थरांचा दर वेगळा मागितला की कामाचा खरा दर्जा समोर येतो.

• तळाला किती टक्के उतार देणार आणि तो कोणत्या दिशेला?
• जिओटेक्स्टाइल आहे का? खडी धुतलेली आहे की भुकटीसह?
• पाइपचे पाणी शेवटी कुठे जाणार? ती जागा पाइपपेक्षा खाली आहे, हे लेव्हल ट्यूबने दाखवणार का?
• छताचे पाइप अंगणाबाहेर नेणे या कामात आहे का?
• पाइप तुंबला तर साफ करायला चेंबर कुठे आहे?
• गवत अंथरण्याआधी खडीवर पाणी सोडून चाचणी देणार का?

शेवटची अट लेखी घ्यावी. पाण्याची टाकी किंवा टँकर लावून खडीच्या थरावर पाणी सोडायचे आणि ते दुसऱ्या टोकाला पाइपमधून बाहेर पडते का, हे पाहायचे. गवत एकदा चिकटवले की खाली काय झाले हे कोणालाच दिसत नाही.

गवत न घालता पर्याय आहेत का?

उतार, नाली आणि छताचे पाणी वळवणे ही तीन कामे झाली की चिखलाचा बहुतेक प्रश्न सुटलेला असतो. त्यानंतर वर काय घालायचे ही आवडीची आणि खिशाची गोष्ट उरते. हरळीसारखे काटक गवत निचरा झालेल्या जमिनीत चांगले तग धरते. येण्याजाण्याच्या वाटेवर फटी ठेवून पेव्हर ब्लॉक किंवा फरशी, बाकीच्या जागेत खडी, झाडांसाठी उंच वाफे अशी विभागणीही करता येते. जुन्या वाड्यांत आणि शेतघरांत जोते उंच घेत, अंगणात मुरमाची भर घालून ते कुटत आणि पाणी परसाकडे उतरवत. त्यामागे हेच गणित होते.

मूठभर वाळू किंवा जिप्सम टाकून काळी माती ‘मोकळी’ करण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. वाळूचे प्रमाण फार मोठे असल्याशिवाय मातीचा स्वभाव बदलत नाही. जिप्समचा उपयोग मुख्यतः सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत होतो. माती परीक्षण न करता ते टाकण्यात फारसा अर्थ नाही.

कृत्रिम गवत कुठे योग्य ठरते? सावलीमुळे नैसर्गिक गवत न येणारा छोटा तुकडा, मुलांच्या खेळाचा कोपरा, पाणी देणे शक्य नसलेली जागा अशा ठिकाणी ते सोयीचे आहे. तिथेही अंगणाचे पैसे खर्च करताना क्रम उलटा करावा लागतो. आधी पाण्याची वाट ठरवायची, मग उतार, मग थर आणि उरलेल्या पैशांत गवत. पैसे वाटेतच संपले, तरी पुढच्या जूनमध्ये अंगण कोरडे राहील. आधी गवतावर पैसे खर्च झाले, तर चिखल तिथेच राहील, फक्त हिरव्या गालिच्याखाली.